जुना खेळ नव्या इंजिनावर : हा तोच खेळ आहे का?

खंदक
गेल्या महिन्यात धाकट्या भावाच्या डोक्यात खूळ शिरलं, "दादा, रेड अलर्ट खेळू या." तळ बांधायचा, रणगाडे बनवायचे, लढायचं, असा हा 'कमांड अँड कॉन्कर' मालिकेतला रणनीतीचा खेळ. शाळेत असताना आम्ही दोघं एकाच कॉम्प्युटरवर खेळायचो. एकाने माऊस धरायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून अक्कल शिकवायची. आता तो एका शहरात, मी दुसऱ्या. मूळ सीडी केव्हाच ओरखड्यांनी गेली, आणि १९९६ चा खेळ आजच्या मशीनवर चालवायचा तर त्याची मनधरणी कोण करणार? म्हणून ओपनआरए उतरवलं : हा जुना खेळ आजच्या मशीनवर चालवणारं, चाहत्यांनी नव्याने लिहिलेलं इंजिन, म्हणजे खेळामागचा प्रोग्राम. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीवर चालतं. पहिल्यांदा उघडलं की चित्रं आणि आवाज आपणहून उतरवून घेतं. दहा मिनिटांत नकाशा समोर.

आणि तिथेच गडबड झाली. दिसायला सगळं तेच. टेस्ला कॉइल तीच, कुत्रे तेच, मुंगीएवढा शिपाई मरताना तसाच ओरडतो. पण हात घातला की वेगळं. एकदा बघून ठेवलेला भाग पुन्हा धुक्यात जातो. पाच रणगाड्यांची ऑर्डर एकदम देऊन ठेवता येते. लढून वाचलेल्या रणगाड्याला बढती मिळते. मूळ खेळात यातलं काहीही नव्हतं. मला खेळायला मजा येते आहे, हे कबूल. पण मी 'तो' खेळ शोधायला गेलो होतो.

तर प्रश्न असा : रीमेक करणाऱ्याने खेळ जसाच्या तसा उभा करावा, खोडींसकट? की आज तो लिहिला असता तर कसा झाला असता, ते करावं?

जाता जाता दुसरं दुखणं : भावाबरोबरचा प्रत्येक डाव सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत 'आउट ऑफ सिंक' म्हणत बंद पडतो. लढाई सोडा, धड कारखानाही उभा राहिलेला नसतो. दोघांचंही नेट ठणठणीत आहे. कोणाला अनुभव?

दीडशहाणा
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

जुनाट
खोडींसकट म्हणणाऱ्यांनी एकदा १९९२ चा ड्यून टू खेळून दाखवावा. त्यात एका वेळी एकच युनिट निवडता येतं. चौकट ओढून दहा जण उचलायची सोयच नाही. रणगाड्यावर क्लिक, मग बाजूच्या 'मूव्ह' बटणावर क्लिक, मग नकाशावर जागा दाखवायला क्लिक. बारा रणगाडे हलवायचे तर छत्तीस क्लिक, आणि छत्तिसावा होईपर्यंत पहिला रणगाडा वाळवंटातल्या किड्याच्या पोटात. हे मी लहानपणी तासन्‌तास केलं आहे आणि मजेत केलं आहे. आज पाच मिनिटं झाली नाहीत, मनगट म्हणालं पुरे.

या एकाच खेळाचे दोन वेगळे पुनर्जन्म आहेत. ओपनड्यूनवाल्यांनी मूळ प्रोग्रामची चिरफाड करून तो जसा वागायचा तसाच वागेल असा लिहिला. ड्यून लेगसीवाल्यांनी चौकट ओढून निवडणं वगैरे आजच्या सवयी आणल्या. दोन्हींना मूळ खेळाच्या फायली आपल्याजवळ असाव्या लागतात. माझ्याकडे दोन्ही आहेत. पहिला मी पाहुण्यांना दाखवतो, दुसरा खेळतो.

फुकट_फौजदार
आमचा एकच निकष. हार्वेस्टर (खनिज गोळा करून आणणारा ट्रक) जवळचं खनिज सोडून शत्रूच्या दारात चरायला जातो का? जात असेल तर रीमेक अस्सल.

मृण्मयी_क
@फौजदार, हाहाहा. आणि वाटेत त्याच्यावर गोळीबार होत असताना तो शांतपणे उभा राहून भरत असतो.

रणछोड
ओपनआरए शक्य झालं ते खेळाची मालक कंपनी ईए हिने सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला केला म्हणून. तरी या लोकांना मूळ आकडे जसेच्या तसे ठेवता आले नाहीत, याचं आश्चर्य वाटतं.

दीडशहाणा
आलो. @रणछोड, क्रम उलटा झाला तुमचा. ओपनआरएचं काम २००७ मध्ये सुरू झालं, तेव्हा एका ओळीचाही सोर्स बाहेर नव्हता. त्यांनी सी शार्पमध्ये इंजिन कोऱ्या पाटीवर लिहिलं. मूळ खेळातून घेतली ती फक्त डेटा फायली वाचायची रीत, म्हणजे मिक्स फायलींत चित्रं आणि आवाज कसे भरलेत ते. ईएने पहिल्यांदा कोड दिला तो २०२० मध्ये, पेट्रोग्लिफ या कंपनीने केलेल्या, या जुन्या खेळांच्या रीमास्टर्ड संचाबरोबर. तोही अख्खा खेळ नव्हता, टायबेरियन डॉन (म्हणजे पहिला कमांड अँड कॉन्कर) आणि रेड अलर्ट यांच्या दोन डीएलएलचा, म्हणजे प्रोग्रामच्या सुट्या भागांचा, कोड होता. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये या दोन्हींचा मूळ कोड, शिवाय याच मालिकेतले रेनेगेड आणि जनरल्स-झीरो अवर, असं सगळं जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं.

मधल्या काळात झालं ते वेगळं. पहिला कमांड अँड कॉन्कर २००७ मध्ये, रेड अलर्ट २००८ मध्ये आणि टायबेरियन सन २०१० मध्ये ईएने फुकट उतरवायला दिले. फुकट, मुक्त नव्हे. मोफत आणि मुक्त हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत याचा मला फार अभिमान आहे, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे लोक नुसते भांडत बसतात.

म्हणजे ओपनआरएवाल्यांना मूळ गणित दिसतच नव्हतं. दिसत होतं ते वागणं. बाहेरून बघून आतलं यंत्र ओळखायचं. आणि एकदा यंत्र आपलंच लिहायचं म्हटल्यावर ते मुद्दाम वाकडं कोण लिहील?

जुनाट
'मुद्दाम वाकडं' वर आक्षेप. वाकडेपणाच कधी कधी खेळ असतो. रेड अलर्टमध्ये एका वेळी एकच रणगाडा बनायला टाकता यायचा. तो झाला की परत बाजूच्या पट्टीवर जाऊन क्लिक करायचं. त्यामुळे लढाईवर लक्ष ठेवू की कारखान्यावर, ही ओढाताण सतत असायची. रांग लावायची सोय दिली की ओढाताण संपली. सोय झाली, पण एक कौशल्य बाद झालं. (हो, मीच वर मनगटाची तक्रार केली होती. माणूस विसंगत असतो.)

कोळसा
सगळे कमांड अँड कॉन्करच्याच मागे. वॉरझोन २१०० कोणी खेळलंय का? १९९९ चा खेळ, पम्पकिन स्टुडिओजचा. कंपनी बंद झाली, चाहते मागे लागले, आणि डिसेंबर २००४ मध्ये कोड जीपीएलखाली मिळाला. सुरुवातीला मधल्या व्हिडिओंची परवानगी मिळाली नव्हती, ती काही वर्षांनी आली.

इथे 'रीमेक की मूळ' हा वादच मिटतो, कारण हा तोच कोड आहे, पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत आलेला. आणि काय खेळ आहे! रणगाडा तयार मिळत नाही, आपण जुळवायचा. धड कुठलं, खाली चाकं की पट्टे की हवेवर तरंगणारं, वर तोफ कुठली. मी एकदा हौसेने सगळ्यात जाड चिलखतावर सगळ्यात जड तोफ चढवली आणि खाली साधी चाकं दिली. तो प्राणी चढावर इतका हळू चालला की मी दुसऱ्या बाजूचा तळ बांधून परत आलो तरी अर्ध्यातच. तोफखान्याची मजा वेगळीच. तोफ स्वतः लांबचं बघू शकत नाही, पुढे सेन्सर मनोरा उभारून तिला डोळे द्यावे लागतात. शत्रूचा मनोरा पाडला की त्याच्या तोफा आंधळ्या.

रणछोड
@दीडशहाणा, धन्स. चूक मान्य. पण मग कोळसा म्हणतात तसा कोडच मिळाला तर सगळ्यात उत्तम नाही का? कोऱ्या पाटीचा अट्टहास कशाला?

दीडशहाणा
मिळाला तर. मिळेपर्यंत लोक काय नमस्कार करून बसतील? आणि कोरी पाटीही सुरक्षित नसते. फ्रीक्राफ्ट नावाचं इंजिन होतं, त्यावर वॉरक्राफ्ट टूच्या मूळ फायली टाकून खेळता यायचं. २००३ मध्ये वॉरक्राफ्टची मालक कंपनी ब्लिझार्ड हिचं कायदेशीर पत्र आलं. नाव वॉरक्राफ्ट-स्टारक्राफ्टच्या फार जवळचं आहे, आणखी बरंच काही. प्रकल्पाला टाळं लागलं. मग त्याच कोडवर स्ट्रॅटेगस उभं राहिलं, आणि वॉरक्राफ्टपुरता भाग वॉरगस म्हणून वेगळा काढला. इंजिन कोणाचंच नाही, डेटा तुमच्या सीडीवरचा. तेव्हापासून बहुतेकांनी हीच सोवळ्याची रीत धरली. एज ऑफ एम्पायर्स टूसाठीचं ओपनएज बघा. इंजिन मुक्त, चित्रं तुमची तुम्ही आणा.

टाकीचे_घाव
चित्रांचा विषय निघाला म्हणून लिहिते, एरवी मी वाचनमात्र. दोन मुक्त खेळांसाठी थोडी चित्रं काढली आहेत, नावं सांगत नाही.

कोड लिहायला लोक मिळतात. रविवारी बसून पाथफाइंडिंग (युनिटांनी वाट शोधणं) दुरुस्त करणारा वेडा सापडतो. चित्रकार टिकत नाही. कारण एक रणगाडा म्हणजे एक चित्र नसतं. जुन्या पद्धतीच्या खेळात तो बत्तीस दिशांना वळलेला काढावा लागतो, आणि वरची तोफ वेगळी फिरते म्हणून तिचीही बत्तीस. प्रत्येकात उजेड एकाच बाजूने आला पाहिजे. मी सतराव्या चित्रात सावली चुकीच्या बाजूला टाकली होती. खेळताना रणगाडा दक्षिणेकडे वळला की क्षणभर लुकलुकायचा, आणि मला तो बग वाटून मी दोन संध्याकाळी प्रोग्रामरशी भांडले. चूक माझी निघाली.

म्हणून 'मूळ फायली आणा' ही रीत नुसती कायद्याची नाही, मनुष्यबळाचीही आहे. अवांतर होईल, पण ओपनटीटीडी बघा (रणनीतीचा नाही, रेल्वे-बशींचा खेळ). २००४ पासून चालू होतं, तरी मूळ फायलींशिवाय खेळता यायला २०१० ची १.० आवृत्ती यावी लागली. मधली वर्षं लोक एकेक डबा, एकेक झाड नव्याने रंगवत होते.

मृण्मयी_क
@टाकीचे_घाव, वाचनमात्र राहू नका, लिहीत जा!

आमच्याकडे झीरो ए.डी. (प्राचीन संस्कृतींच्या लढायांचा मुक्त खेळ) चालतं. त्यांनी उसनवारी पूर्ण सोडली. सुरुवात एज ऑफ एम्पायर्स टूवरचा मॉड (मूळ खेळात केलेला फेरफार) म्हणून होती, मग स्वतःचं इंजिन, आणि २००९ मध्ये सगळं मुक्त केलं. कोडच नव्हे, चित्रं-संगीतसुद्धा. मी मौर्य घेऊन खेळते. इतर संस्कृतींत लाकूड ठेवायला रानाजवळ कोठार बांधावं लागतं. मौर्यांकडे कामाचा हत्ती असतो, तोच चालतं कोठार. लाकूडतोडे जिकडे सरकतील तिकडे त्याला सरकवायचं. आणि नायकांत चंद्रगुप्त, अशोक यांच्याबरोबर चक्क आचार्य चाणक्य.

मुलगी विचारते, "आई, हा आजोबा लढत का नाही?"

फुकट_फौजदार
कारण त्याला माहीत आहे हार्वेस्टर कुठे जाणार आहे.

रात्रीचा_राजा
झीरो ए.डी. चं कौतुक मान्य, पण 'अल्फा' किती वर्षं? आवृत्त्यांना ए पासून झेडपर्यंत नावं देऊन झाली. सव्विसावी 'च्वांग-त्स'. अक्षरं संपली म्हणून सत्ताविसावी परत ए पासून, 'अग्नी'. ही आली २०२५ मध्ये. आणि दोन्हीकडे दोनदोनशे माणसं झाली की खेळ बैलगाडीच्या चालीने चालतो.

तुमचा सगळ्यांचा वाद एका इंजिनाने कधीच सोडवला आहे. टोटल अनायहिलेशन, १९९७. चाहत्यांनी त्याच्यासाठी स्प्रिंग इंजिन लिहिलं, सुरुवातीला मूळ खेळाचीच युनिटं घालून खेळायचे. हळूहळू एकेक युनिट स्वतःचं काढलं, स्वतःचे नियम केले. आज त्याच वंशातलं बियाँड ऑल रीझन बघा, मूळचं एकही चित्र नाही, पण कमांडर तोच, धातू आणि ऊर्जा तीच, शेवटी होणारा स्फोट तोच. झीरो-के तर आणखी लांब गेलं. कुऱ्हाडीचा दांडा बदलला, पातंही बदललं, लाकूड फुटतंय ना?

जुनाट
मग ती माझी कुऱ्हाड नव्हे, चांगली कुऱ्हाड आहे एवढंच. खंदक 'तो' खेळ म्हणाले होते.

मृण्मयी_क
@रात्रीचा_राजा, मंद होतं हे खरं. प्रत्येक माणसाने आपली वाट शोधायची आणि सगळ्यांनी एकाच प्रोसेसरच्या दारात रांग लावायची, असं काहीसं आहे. पण फुकट काम करणाऱ्यांना 'किती वर्षं' विचारणं मला जमत नाही.

रात्रीचा_राजा
ह.घ्या. मीही दर आवृत्ती उतरवतोच.

गोगलगाय
धागा मस्त, पण खंदक यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय? सगळ्यांनी तो ओलांडून उडी मारली. माझं रोजचं कामच असल्या भानगडींचं आहे, म्हणून थोडं लांब लिहिते.

या खेळांत तुमच्या कॉम्प्युटरवरून भावाकडे रणगाडे जात नाहीत. जाते ती फक्त आज्ञा : 'अमुक युनिट तमुक जागी जा'. दोघांच्या मशीनवर अख्खी लढाई स्वतंत्रपणे चालू असते. फोनवर बुद्धिबळ खेळावं तसं. दोघांकडे आपापला पट, फोनवर फक्त चाल सांगायची. म्हणूनच पहिला एज ऑफ एम्पायर्स २८.८ च्या संथ मोडेमवर शेकडो सैनिक चालवू शकला. प्रत्येक सैनिकाची जागा पाठवायची असती तर मोडेम पहिल्याच मिनिटाला गुदमरला असता.

यात अट एकच. दोन्ही पट शेवटच्या घरापर्यंत सारखे हवेत. दशांश अपूर्णांकांचं गणित वेगवेगळ्या मशीनवर शेवटच्या आकड्यात किंचित वेगळं येऊ शकतं, आणि तेवढ्या फरकाने इथे गोळी लागते, तिथे चुकते. म्हणून ओपनआरएमध्ये जगाचं गणित पूर्णांकांतच चालतं. नकाशावरच्या एका घराचे १०२४ भाग, जागा आणि पल्ला त्याच मापात. दोन्ही मशीन ठरावीक वेळाने आपापल्या पटाचा एक ठसा काढून ताडून बघतात. ठसा जुळला नाही की खेळ थांबतो. तोच तुमचा 'आउट ऑफ सिंक'.

म्हणजे नेटचा संबंध नाही. नेट खराब असेल तर खेळ अडखळेल, पट बदलणार नाही. मला तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट टोचली. 'दर वेळी दोन-तीन मिनिटांत.' इंजिनातला बग असता तर कधी दहाव्या मिनिटाला, कधी चाळिसाव्या, आणि बहुतेक लढाईच्या धुमश्चक्रीत. रोज एकाच सुमारास म्हणजे रोज घडणारी एकच गोष्ट दोन्हीकडे वेगळी घडते आहे. तिसऱ्या मिनिटाला दर डावात काय होतं?

खंदक
@गोगलगाय, दंडवत! इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या मिनिटाला? वीजकेंद्र झालेलं असतं. रिफायनरी झालेली असते. हार्वेस्टर निघालेला असतो. बाकी शांतता.

फुकट_फौजदार
मी सांगत होतो.

गोगलगाय
आवृत्ती दोघांची एकच आहे हे उघड आहे, नाहीतर लॉबीतच, म्हणजे डाव सुरू होण्याआधी जमतो तिथेच, अडवलं असतं. नकाशाही ताडून घेतला जातो. पण बसवलेल्या फोल्डरातल्या नियमांच्या फायली कोणी हाताने बदलल्या तर ते लॉबीला कळत नाही. त्या साध्या यामल फायली असतात, नोटपॅडमध्ये उघडतात. भावाला विचारा. तो नाही म्हणाला तर सर्व्हरचा सिंक रिपोर्ट (पट कुठे जुळला नाही त्याची नोंद) चालू करा, दोघांच्या लॉग फायली शेजारी ठेवा आणि पहिला फरक शोधा.

दीडशहाणा
+१. आणि बंद पडलेल्या डावाचा रिप्ले (पुन्हा बघता येणारी नोंद) जपून ठेवा. रिप्लेतही आज्ञाच असतात, त्यामुळे फाईल चिमुकली. पण आवृत्ती बदलली की चालत नाही, तेव्हा शोध लागेपर्यंत नवीन आवृत्ती टाकू नका.

कोळसा
मला तर यात भावाचा हात दिसतोय. धाकटे असेच असतात.

टाकीचे_घाव
मी धाकटी आहे. निषेध.

खंदक
मंडळी, उलगडा झाला.

भावाला फोन केला. आधी "मी कशाला हात लावू?" मग थोडी शांतता. मग, "दादा, ते हार्वेस्टरचं मी केलं होतं, पण ते फार आधी." झालं होतं असं की मी उतरवण्याच्या आधीच तो एकटा कॉम्प्युटरविरुद्ध खेळत होता. त्याला वाटलं, हार्वेस्टर लवकर भरतो, लवकर परत येतो, हे आपल्या खेळासारखं नाही. कुठेतरी जुनी रूल्स डॉट आयएनआय, म्हणजे मूळ खेळाच्या नियमांची फाईल, त्याच्याकडे होतीच. तीत ट्रकची क्षमता २८. याने यामल उघडली, आकडा २८ केला, फाईल बंद केली आणि विसरून गेला.

म्हणजे दर डावात माझ्या मशीनवर पहिला हार्वेस्टर भरून वळायचा, आणि त्याच्या मशीनवर तोच हार्वेस्टर अजून चरत उभा. तिथेच आमचे पट फुटायचे.

मी धाग्यात विचारत बसलो, जसाच्या तसा हवा की सुधारलेला. त्याने न विचारता एका आकड्यापुरतं उत्तर देऊन टाकलं होतं.

जुनाट
भावाला माझा नमस्कार सांगा.

रात्रीचा_राजा
आता आकडा परत फिरवला का?

खंदक
तो तयार होईना. "अठ्ठावीसच हवा" म्हणतो. मग कळलं की ओपनआरएमध्ये नकाशाच्या फाईलमध्येही नियम लिहिता येतात, त्या नकाशापुरते. इंजिनाच्या फायली होत्या तशा केल्या, आमचा जुना आवडता नकाशा घेतला, त्यात २८ लिहिला आणि तीच फाईल दोघांनी आपापल्या फोल्डरात टाकली. धुकं त्याने बंद करायला लावलं, त्याला तर लॉबीतच खूण आहे. बढतीचं काय करायचं यावर अजून बोलणी चालू आहेत. रांग लावायची सोय मी काढू देणार नाही, मनगटं दोघांचीही तशीच आहेत.

काल बावन्न मिनिटं खेळलो. सिंक शेवटपर्यंत टिकला. मी हरलो.

फुकट_फौजदार
हार्वेस्टर?

खंदक
हो. त्याच्याच दारात.